दोन फुटी भिंत, नवी लाइन आणि राऊटरचा प्रश्न: सोलापूरच्या एका घराचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला. "नेटची कंपनी बदलायलोय. नवीन लोक राऊटर फुकट देतो म्हणालेत. तोच घेऊ का दुकानातनं चांगला आणू? तू सांग, तसं करतो."

दादा म्हणजे माझ्या आत्याचा मोठा मुलगा. घर सोलापूरच्या पूर्व भागात, एका जुन्या पेठेत. मी छोटी ऑफिसं, दवाखाने, दुकानं यांचं नेटवर्किंग करतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. तरीही फोनवर उत्तर दिलं नाही. "रविवारी येतो, तोवर काही घेऊ नको," एवढंच म्हणालो. या घराचं प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण कंपनी बदलताना लोक जिथे अडतात आणि पैसे घालवतात, त्यातल्या बहुतेक जागा या एकाच घरात भेटल्या.

घर आणि तक्रार

रस्त्यावरून घर अरुंद दिसतं, पण आत खोल गेलंय. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, त्यामागे उघडा चौक आणि चौकापलीकडे पत्र्याच्या छताचा कारखाना. आत्याचे यजमान, आमचे मामा, होते तेव्हा तिथे चार यंत्रमाग चालायचे, टॉवेल निघायचे. आता आठ शिलाई मशिनी आहेत आणि शाळांचे गणवेश शिवले जातात. सोपा, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंती दगडी, दोन-दोन फुटांच्या. माजघरावर नंतर स्लॅब टाकून विटांची एक खोली काढली आहे. तिथे बसून पुतणी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते आणि दिवसाचे चार-पाच तास व्हिडिओ कॉलवर असते.

जुन्या कंपनीचा डबा सोप्यात, टीव्हीवरच्या फळीवर. फायबर रस्त्याच्या बाजूने येते, म्हणून लाइनमन आत शिरल्या शिरल्या पहिल्या प्लगजवळ डबा ठेवून मोकळा होतो. मी बघितलेल्या बहुतेक घरांत असंच आहे. घराच्या ज्या कोपऱ्यात माणसं सगळ्यात कमी बसतात, तिथे वायफाय सगळ्यात जोरात.

घरातल्यांची तक्रार एकाच वाक्यात होती: "नेट चालंना." नीट विचारलं तेव्हा त्या वाक्यातून दोन वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. एक म्हणजे लाइन वारंवार बंद पडायची. ड्रेनेजसाठी रस्ता खोदला तेव्हा सलग चार दिवस डब्यावर लाल दिवा होता आणि तक्रार मात्र "सोडवली" असा मेसेज तिसऱ्याच दिवशी आला होता. दुसरी म्हणजे दिवा हिरवा असतानाही वरच्या खोलीत कॉल अडकायचा आणि कारखान्यात व्हॉट्सॲपवर आलेलं डिझाइन उघडायचं नाही, नुसतं गोल फिरत राहायचं.

मी लॅपटॉप काढला आणि लॅन केबलने थेट जुन्या डब्याला जोडला. प्लॅन ६० एमबीपीएसचा होता, स्पीड ५८ आला. त्याच फळीखाली उभं राहून वायफायवर ३६. वरच्या खोलीत ६. कारखान्यात कटिंगच्या टेबलाजवळ दीड. आकडे दादाला दाखवले. त्या क्षणी तरी लाइन पूर्ण वेगाने येत होती. चार दिवसांचा लाल दिवा हा कंपनीचा दोष, पण कारखान्यातलं गोल फिरणं हा भिंतींचा आणि डब्याच्या जागेचा. कंपनी बदलली की पहिला आजार कदाचित बरा होईल, दुसरा मात्र नव्या कंपनीतही तसाच येईल आणि दोन महिन्यांनी तुम्ही तिलाही शिव्या घालाल.

राऊटर निवडायला बसण्याआधी ही एक चाचणी प्रत्येक घरात व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. दहा मिनिटांचं काम आहे. एक लॅपटॉप आणि एक केबल लागते, केबल बहुधा डब्याच्या खोक्यातच पडलेली असते.

कटिंगच्या टेबलावरचं पार्सल

"काही घेऊ नको" म्हणालो होतो, पण दादाने त्याआधीच ऑनलाइन मागवलं होतं. खोकं कटिंगच्या टेबलावर, निळ्या पिनोफ्रॉकच्या कापडाच्या थानाशेजारी ठेवलेलं. काळा, टोकदार कडांचा, सहा अँटेनांचा. मी तो उलटा करून मागची बाजू बघितली. चार पिवळे पोर्ट आणि त्यांच्या बाजूला एक लहान, अरुंद पोर्ट, जुन्या लँडलाइन फोनची पिन बसते तसा. म्हणजे हा मोडेम-राऊटर होता. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट यायचं, त्या काळातल्या जोडणीसाठीचा. फायबरच्या घरात त्याचा तो मोडेम काही कामाचा नाही, आणि त्याची किंमत मात्र खोक्यात धरलेली असते. परत करायची मुदत दोन दिवसांनी संपणार होती, वहिनींनी त्याच संध्याकाळी परतीची नोंद केली.

दादाचा खरा प्रश्न अँटेनांचा होता. "सहा आहेत म्हणजे लांब जाईल ना?" हा समज फार पसरलेला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. हवेत किती ताकदीने सिग्नल सोडायचा यावर सरकारी मर्यादा असते. अँटेना वाढवल्या म्हणून ती मर्यादा वाढत नाही. आणि समजा राऊटरचा आवाज लांबवर पोचला, तरी मोबाइललाही उत्तर द्यायचं असतं, आणि मोबाइलचा आवाज लहान. चौकाच्या या टोकाला उभं राहून मोठ्याने हाक मारली तर कारखान्यातल्या माणसाला ऐकू येईल, पण तो हळू बोलणारा असेल तर त्याचं उत्तर आपल्यापर्यंत येणार नाही. मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेषा दिसतात आणि तरी पान उघडत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. लांबच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या जवळ जावं लागतं. घरातही राऊटर माणसांजवळ न्यावा लागतो.

घराची मोजणी

त्या रविवारी मी मोबाइलवर सिग्नल मोजायचं एक फुकट ॲप घेऊन घरभर फिरलो. पुतणीने वहीत घराचा नकाशा काढला आणि प्रत्येक जागी आकडा लिहिला. हे आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. दहाने खाली गेला की ताकद दहा पटींनी घटते, म्हणून उणे ६० आणि उणे ७० यांत दिसतो त्यापेक्षा फार मोठा फरक असतो. व्हिडिओ कॉल नीट चालायला उणे ६७ किंवा त्याहून चांगला आकडा हवा, हा माझ्या कामातला ठोकताळा.

सोप्यात उणे ४१. माजघरात उणे ६२. स्वयंपाकघरात उणे ७६. चौकात मोकळ्या हवेत उणे ८०, कारखान्यात उणे ८७. वरच्या खोलीत उणे ७९. एकेक दगडी भिंत १४-२१ खात होती. आणि हे सगळे २.४ गिगाहर्ट्झचे, म्हणजे वायफायच्या जुन्या बँडचे (लहरींच्या पट्ट्याचे) आकडे, कारण जुना डबा तेवढंच देत होता. दुसरा बँड, ५ गिगाहर्ट्झ, वेगवान असतो, पण भिंतीतून त्याहून कमी जातो. म्हणजे महागडा दोन बँडचा राऊटर आणून सोप्यातल्या त्याच फळीवर ठेवला असता, तर टीव्ही उत्तम चालला असता आणि कारखान्यात काडीचाही फरक पडला नसता.

मग उपकरणं मोजली. मोबाइल सात, त्यातले चार ५ गिगाहर्ट्झ घेणारे. पुतणीचा ऑफिसचा लॅपटॉप वायफाय ६ चा, म्हणजे वायफायच्या सहाव्या पिढीचा. टीव्ही एक. कारखान्यात बिलिंगचा जुना कॉम्प्युटर, त्याला यूएसबीची वायफाय पिन लावलेली, आणि प्रिंटर. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र. हंगामात काम करणाऱ्या बायकांचे आठ-दहा मोबाइल निराळे. दादाने तीन वर्षांपूर्वी घेतलेला एक रिपीटरही माजघरात होता. रिपीटरने सिग्नल जरा वाढायचा, पण ज्या रेडिओवर तो ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. तो काढूनच टाकला.

नव्या कंपनीला विचारलेले प्रश्न

नवी कंपनीही फायबरची. तिच्या माणसाने छापील पत्रक दिलं होतं, त्यावर फक्त स्पीड आणि किंमत. मी त्याला फोन लावला आणि वहिनींना स्पीकरवर ऐकायला सांगितलं, कारण हिशोब त्या बघतात आणि पुढे कंपनीशी त्याच बोलणार होत्या.

पहिली गोष्ट स्पष्ट झाली ती अशी की "राऊटर फुकट" म्हणजे जो डबा मिळतो तो ओएनटी आणि राऊटर एकात असतो. फायबरमधला प्रकाश घेऊन त्याचं इंटरनेट करणं हे ओएनटीचं काम. त्या डब्याचा अनुक्रमांक कंपनीच्या एक्स्चेंजमधल्या यंत्रात नोंदलेला असतो, त्यामुळे दुकानातून दुसरा आणून परस्पर त्याच्या जागी लावता येत नाही. दादाचा प्रश्न "तोच घेऊ का चांगला आणू" असा होता, पण तशी निवड इथे मुळात नव्हतीच. कंपनीचा डबा राहणारच. त्याच्या मागे आपलं काही लावायचं का, कुठे आणि किती, एवढंच आपल्या हातात.

मग विचारलं, डबा ब्रिज मोडमध्ये द्याल का? म्हणजे त्याने फक्त प्रकाशाचं काम करायचं आणि बाकी सगळं आमच्या राऊटरने. उत्तर आलं, घरगुती प्लॅनला नाही. डब्याचे पोर्ट गिगाबिट (१,००० एमबीपीएसचे) आहेत का? माणूस अडखळला. मॉडेल विचारून पत्रक काढलं, तर चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट, बाकी तीन १०० चे. हे महत्त्वाचं होतं. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात जेमतेम ९४ एमबीपीएस जातात आणि दादाने प्लॅन घेतला होता १५० चा. चुकीच्या भोकात केबल खोचली की महिन्याच्या पैशातला तिसरा हिस्सा तिथेच अडला असता.

बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळतो का, यावर "वेगळे पैसे पडतील" असं उत्तर. म्हणजे साधी जोडणी अनेक ग्राहकांत वाटलेल्या पत्त्यावर चालणार. हे ओळखायला सोपं असतं: राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला की समजावं. डीव्हीआरसाठी याचा उपयोग पुढे पडला.

सगळ्यात अवघड प्रश्न मी विचारलाच नव्हता, तो आत्याने विचारला. "आणि फोनचं काय?"

आत्याचा फोन

सोप्यात एक लँडलाइन आहे. ०२१७ ने सुरू होणारा तो नंबर मामांनी घेतलेला, २२ वर्षांपासून बिलबुकावर छापलेला. अक्कलकोट, बार्शी, मोहोळकडच्या शाळांचे क्लार्क आजही त्याच नंबरवर फोन करतात. आणि तो फोन जुन्या कंपनीच्या डब्यातून चालत होता. डब्याच्या मागे फोनचा एक पोर्ट असतो, त्यातून. तांब्याची तार केव्हाच गेली होती, हे घरात कोणाच्या लक्षातच नव्हतं. कंपनी सोडली की नंबरही गेला. मोबाइलचा नंबर कंपनी बदलून तोच ठेवता येतो, तसं लँडलाइनला करता येत नाही.

दादा म्हणाला, "आता कोण लँडलाइनवर फोन करतंय." आत्या काही बोलली नाही. वहिनी मात्र म्हणाल्या, "भाऊजी, गेल्या जूनमध्ये तीन मोठ्या ऑर्डरी त्याच फोनवर आल्यात. माझ्या वहीत आहेत." त्या वहीने निर्णय केला. जुनी जोडणी बंद न करता तिच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनवर आणायची, नंबरवर कॉल फॉरवर्डिंग लावून फोन वहिनींच्या मोबाइलवर घ्यायचा आणि नव्या बिलबुकावर दोन्ही नंबर छापायचे. सहा महिने. नंतर बघू. हंगामात नवी लाइन बंद पडली तर हाताशी दुसरी लाइनही राहणार होती, हा त्यातला वरचा फायदा.

ज्यांच्या घरी लँडलाइन आहे त्यांनी कंपनी बदलायचा अर्ज भरण्याआधी फोनची वायर हाताने धरून ती कुठे जाते ते बघावं. भिंतीतल्या जुन्या खोक्यात जाते की डब्यात, यावर नंबर राहणार की जाणार ते ठरतं.

काय घेतलं आणि का

तीन पर्याय टेबलावर होते. एक, काहीच न घेता फक्त कंपनीचा डबा माजघरात हलवायचा. याने वरची खोली बहुधा सुधारली असती, कारखाना नाही. दुसरा, तीन डब्यांचा मेश संच, जाहिरातीत "वायरची गरज नाही" म्हणतात तो. चांगली वस्तू आहे, विटांच्या फ्लॅटमध्ये मी स्वतः बसवली आहे. पण मेशचे डबे आपसात बोलतात तेही हवेतूनच, आणि इथे त्यांच्या मध्ये तीच दोन फुटी भिंत येणार. मोबाइलचा त्रास मेशच्या डब्याला दिला, एवढंच झालं असतं.

म्हणून तिसरा: वायर ओढायची. एकदा वायर ओढायची ठरलं की महाग काही लागत नाही. साधे दोन बँडचे, सगळे पोर्ट गिगाबिट असलेले, वायफाय ६ चे दोन राऊटर घ्यायचे आणि ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे नुसते वायफाय देणारे म्हणून, चालवायचे. खोक्यावर "एएक्स १५००" लिहिलेले घेतले. हा आकडा २.४ चे ३०० आणि ५ चे १,२०१ मिळून होतो, आणि तोही कागदावरचा. एक मोबाइल एका वेळी एकाच बँडवर असतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी पुष्कळ. १५० च्या लाइनला त्याहून मोठा आकडा कशाला हवा? वायफाय ५ ऐवजी ६ घेतला कारण किमतीत थोडाच फरक होता आणि हंगामात १५-२० मोबाइल एकदम जोडले जातात, तेव्हा ६ मध्ये वेळेची वाटणी बरी होते. वायफाय ७ घेणारं एकही उपकरण घरात नव्हतं.

ॲक्सेस पॉइंट मोडवर मी अडून बसलो, कारण तसं केलं नाही तर प्रत्येक राऊटर स्वतःचं वेगळं नेटवर्क करतो. पुतणीला वरून कारखान्यातल्या प्रिंटरवर चलन काढायचं असतं. दोघं वेगळ्या नेटवर्कवर असते तर प्रिंटर तिला दिसलाच नसता. ब्रिज मोड न मिळाल्याने पत्ते वाटायचं काम कंपनीच्या डब्याकडेच ठेवलं, बाकीचे दोन नुसते वायफाय देणारे.

शिवाय पाच पोर्टचा एक छोटा गिगाबिट स्विच. कंपनीच्या डब्याच्या त्या एकुलत्या गिगाबिट पोर्टमधून एक केबल स्विचला आणि स्विचमधून एक वर, एक कारखान्याकडे. दोन राऊटर सात हजारांच्या आत आले, स्विच हजाराच्या आसपास, केबल-पाइप-मजुरी अडीच हजार. सहा अँटेनांचा परत गेलेला राऊटर एकटाच साडेनऊ हजारांचा होता.

केबल दादाने आधीच स्वस्तात आणून ठेवली होती. मी एक तार ब्लेडने खरवडली. वर तांब्याचा रंग आणि आत पांढरी, ॲल्युमिनियमची. अशी तार वाकवली की तुटते, आणि चौकातल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत सांधे सैल होतात. ती परत करून शुद्ध तांब्याची कॅट-६ आणली. खरवडल्यावर आतही लालसर. दुकानात उभ्या उभ्या हे बघता येतं आणि दुकानदाराला त्यात राग यायचं कारण नाही.

बसवायचा दिवस

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लाइनमन आला. तरुण पोरगा, कामाला नीट. मी त्याला विनंती केली की डबा सोप्यात न लावता माजघरात लाव. तो म्हणाला, "चालतंय की, वायर पुरली पाहिजे." फायबर दाराच्या चौकटीवरून, पट्टीतून माजघरात नेली. टोकाला हिरवी पिन बसवली आणि मीटर लावला.

"पॉवर किती?"

"उणे २१. मस्त आहे."

ओएनटीला साधारण उणे २७ पर्यंत प्रकाश चालतो, त्यामुळे २१ म्हणजे हाताशी भरपूर. मग त्याने उरलेली वायर गुंडाळून फळीमागे कोंबली आणि डबा चालू केला. हिरवा दिवा लुकलुकायला लागला, मग लाल. पुन्हा मीटर लावला तर उणे २७.६. फळी आणि भिंतीच्या मध्ये वेटोळं चेपून एका जागी वायर दुमडल्यासारखी झाली होती. काचेचा तंतू वाकला की प्रकाश कडेतून गळतो. वेटोळं सोडून आत्याच्या बांगडीएवढं मोठं केलं, भिंतीवर दोन क्लिपांत सैल अडकवलं. उणे २१.३. त्या पोराने स्वतःच मोबाइलवर फोटो काढून घेतला.

घर झाडताना, रंग देताना ही वायर ओढली जाते आणि मग "कंपनी बेकार" म्हणून तक्रार जाते. लाल दिवा लागला तर आधी हे वेटोळं बघावं.

जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा नव्या तिन्ही डब्यांना दिला. त्यामुळे टीव्ही, प्रिंटर, मोबाइल सगळे आपोआप जोडले गेले, एकेकाला हातात घेऊन बसावं लागलं नाही. २.४ वर चॅनेल तिघांना १, ६ आणि ११ असे वाटून दिले, कारण तेवढेच तीन एकमेकांवर चढत नाहीत. सुरक्षा डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र ठेवली, नुसत्या ३ वर जुनी यूएसबी पिन जोडायलाच तयार नव्हती. राऊटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड बदलला. कारखान्यातल्या बायकांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे घरातल्या यंत्रांपासून वेगळं वायफाय, काढायचं होतं, पण नुसत्या ॲक्सेस पॉइंटच्या गेस्टवरून घरातला डीव्हीआर दिसत होता. म्हणून गेस्ट कंपनीच्या डब्यावर काढलं. ते चौकापर्यंतच पोचतं, बायका जेवायला चौकातच बसतात, भागलं.

डीव्हीआर पूर्वी डब्यात बाहेरून आत यायची वाट (पोर्ट) उघडून दादाच्या मोबाइलवर दिसायचा. वाटलेल्या पत्त्यावर ते चालत नाही. डीव्हीआरच्या कंपनीचं ॲप टाकून क्यूआर कोड स्कॅन केला, दहा मिनिटांत दिसू लागला. वेगळ्या आयपीचे पैसे वाचले.

पत्रा आणि दगड

कारखान्यातला ॲक्सेस पॉइंट मी आधी कारखान्याच्या आत, तुळईला लावला होता. तिथून सगळ्या मशिनींवर उणे ४५ च्या आसपास, सुंदर कव्हरेज. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला वहिनींचा फोन: "बंद पडायलंय, परत चालू व्हायलंय." सोलापूरचा मे महिना. बाहेर ४३ अंश, आणि पत्र्याखाली वरच्या बाजूला त्याहून जास्त. राऊटरचं पत्रक काढलं: चालण्याचं तापमान ० ते ४० अंश. घरगुती राऊटर बहुतेक याच मर्यादेचे असतात. हात लावला तर प्लास्टिक पोळत होतं.

आपल्याकडे राऊटर निवडताना ही ओळ कोणी वाचत नाही आणि वाचायला हवी. पण नुसती वाचून भागत नाही, कारण जास्त तापमानाचा राऊटर औद्योगिक वर्गात जातो आणि किंमत कुठल्या कुठे. उपाय घरातच होता. स्वयंपाकघराच्या मागच्या, चौकाकडच्या दगडी भिंतीला ओसरी आहे. तिथे दुपारीही दगड गार असतो, आत्या उन्हाळ्यात पाण्याचा माठ तिथेच ठेवते. माठाच्या वर, पाणी उडणार नाही अशा उंचीवर राऊटर लावला, समोर कारखान्याची जाळीची खिडकी. कारखान्यात उणे ६१ येतं. आतल्यापेक्षा कमी, पण बिलिंगला आणि डिझाइनला पुरून उरतं, आणि त्या दिवसापासून एकदाही तापून बंद पडलेला नाही. जी भिंत वायफाय अडवत होती तिनेच राऊटरला थंडावा दिला.

लाइट गेल्यावरचा प्रश्न राहिला होता. घरात इन्व्हर्टर आहे, पण माजघरातला तो प्लग त्यावर नव्हता. वायरमनला बोलावून इन्व्हर्टरचा एक पॉइंट डब्यापाशी आणि एक ओसरीत घेतला. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या या फायबरमध्ये वाटेत प्रकाश वाटणारा जो तुकडा असतो त्याला वीज लागत नाही, त्यामुळे पेठेतला लाइट गेला तरी आपल्याकडचे डबे चालू असले की नेट चालू राहतं.

तीन महिन्यांनी

ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच वहीवर मोजलं. माजघरात केबलवर १४७. वरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर १४०, कारखान्यात ५५-६०. जूनच्या हंगामात नवी लाइन एकदा पाच तास बंद होती, तेव्हा दादाने जुन्या डब्याचं वायफाय चालू करून बिलं काढली.

सगळं सुटलं असं नाही. पुतणी कॉलवर बोलत जिना उतरून चौकात आली की मोबाइल वरच्या राऊटरला धरून ठेवतो आणि आवाज तुटतो. ॲक्सेस पॉइंटची ताकद कमी करून बघितली, जरा फरक पडला, पूर्ण नाही. गच्चीवर अजूनही काही पोचत नाही. आणि चौकातून पाइप टाकताना मी एकच केबल ओढली, दुसरी सोबत टाकायला हवी होती. आता दादाला कारखान्यात दुसरा कॅमेरा हवाय आणि पाइप पुन्हा उघडावा लागणार आहे.

जुन्या जोडणीचे सहा महिने नोव्हेंबरमध्ये संपतात. वहिनी त्या नंबरवर आलेले फोन वहीत लिहून ठेवतात. परवापर्यंत २३ झाले होते, त्यातले चार नव्या शाळांचे. दादा अजून बंद करू म्हणतोय. आत्याने फोनवरची क्रोशाची जाळी धुऊन परत घातली आहे.